‘सावरिया’ बघावा की ‘वन फ्रॉम द हार्ट’?

सगळं शहर स्टुडिओत उभारलेलं, आभाळ रंगवलेलं, चंद्र दिव्याचा आणि पाऊस पाइपातला, अशा प्रेमपटांचं मला वेड आहे. समीक्षकांना ते सहसा नसतं. या जातीतला एकच चित्रपट बघायला वेळ असेल, तर निवड दोघांत करावी असं मी म्हणेन: संजय लीला भन्साळींचा ‘सावरिया’ (2007) आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा ‘वन फ्रॉम द हार्ट’ (1982). दोन्ही पडले, दोन्हींवर ‘नुसता देखावा, आत काही नाही’ असा शिक्का बसला. मला दोन्ही आवडतात, पण सारख्या कारणांसाठी नाही. तुम्हालाही दोन्ही सारखे आवडतील असं नाही.

दोघांची पार्श्वभूमी आधी सांगतो, कारण तीही गमतीची आहे. ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी फिलिपिन्सच्या जंगलात पार पोळून निघालेल्या कोपोलाने पुढचा चित्रपट चार भिंतींच्या आत करायचा ठरवलं. हॉलिवूडमध्ये स्वतःचा स्टुडिओ होताच. तिथे त्याने लास वेगासचे झगमगते रस्ते उभारले, विमानतळसुद्धा उभारला. स्वतः बाहेर एका गाडीत व्हिडिओच्या पडद्यांसमोर बसून तो दिग्दर्शन करायचा. खर्च गेला सुमारे 2 कोटी 60 लाख डॉलरवर आणि अमेरिकेत तिकीटबारीवर 10 लाखही जमले नाहीत. स्टुडिओ विकावा लागला आणि पुढची कित्येक वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

भन्साळींचं एवढं वाटोळं झालं नाही, पण टीका कमी बोचरी नव्हती. ‘ब्लॅक’नंतर सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झालेला हा दिग्दर्शक. सोनीसारख्या हॉलिवूडच्या कंपनीचा पैसा, रणबीर कपूर आणि सोनम कपूरचं पदार्पण, 2007 ची दिवाळी. आणि समोर 9 नोव्हेंबरलाच प्रदर्शित झालेला ‘ओम शांती ओम’. लोक तिकडे हसायला गेले, इकडे आलेले निळ्या अंधाराला कंटाळले.

हे खोटं शहर कुणाचं?

माझ्या दृष्टीने निवडीचा खरा प्रश्न हा आहे. कृत्रिमपणा दोन्हीकडे आहे, पण त्याचं काम वेगळं आहे.

‘सावरिया’ दस्तयेवस्कीच्या 1848 सालच्या ‘व्हाइट नाइट्स’ या दीर्घकथेवर बेतलेला आहे. एक एकटा स्वप्नाळू तरुण, पुलावर कुणाची तरी वाट बघणारी मुलगी, चार रात्री. भन्साळींनी ती पीटर्सबर्गमधून उचलून एका नाव-गाव नसलेल्या जागी ठेवली. तिथे कालवे आहेत, होड्या आहेत, निऑनच्या पाट्या आहेत, बुद्धाचा भव्य चेहरा आहे. हे कुठलं शहर, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी वैतागून विचारला. पण गोष्ट सांगते कोण? गुलाबजी, रस्त्यावर उभी राहणारी बाई, राणी मुखर्जीने तोंडभर हसत रंगवलेली. एका वेश्येच्या तोंडून ऐकलेली, एका वेड्या प्रेमिकाची गोष्ट! तिच्यात पिनकोड शोधायचा नसतो. तो निळा-हिरवा अंधार म्हणजे राजच्या, म्हणजे रणबीरने केलेल्या त्या स्वप्नाळू तरुणाच्या, डोक्याचा आतला भाग आहे. तिथे सकाळ होत नाही, कारण सकाळ झाली की सकीना (वाट बघणारी ती मुलगी, सोनम) त्याची नाही हे दिसेल.

मराठी प्रेक्षकाला हे अवघड जाऊ नये. संगीत नाटकात मागे रंगवलेला महालाचा पडदा असायचा, पात्र बोलता बोलता थांबून पद म्हणायचं, वन्समोअर आला की तेच दुःख पुन्हा गायचं, आणि आपले आजी-आजोबा खरोखर रडायचे. ‘सावरिया’ त्याच करारावर चालतो. भन्साळी मुळात भुलेश्वरच्या चाळीत वाढलेले. प्रशस्त महाल आणि रिकामे चौक त्यांना का हवेसे वाटतात, याचा अंदाज मला तरी तिथेच सापडतो.

कोपोलाचा वेगास याच्या नेमका उलट आहे. त्यात राहणारी माणसं स्वप्नाळू नाहीत, थकलेली आहेत. हँक भंगाराच्या धंद्यात, फ्रॅनी ट्रॅव्हल एजन्सीत. पाच वर्षं एकत्र राहून एकमेकांना कंटाळलेलं हे जोडपं अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत भांडतं आणि दोघं एकेका परक्याबरोबर रात्र काढतात. तिला रे भेटतो, हॉटेलात वेटरचं काम करणारा पियानोवादक. त्याला लैला, सर्कशीत तारेवर चालणारी नास्तास्या किन्स्की. झगमगाट यांच्या मनातला नाही, यांच्या मानेवर बसलेला आहे. बाहेर एवढा प्रकाश असताना घरात एवढं मिणमिणतं का, असं वाटायला लावणारा.

छायाचित्रणकार व्हित्तोरियो स्तोरारोने इथे रंगमंचाची जुनी युक्ती वापरली आहे. भिंती प्रत्यक्षात जाळीदार कापडाच्या. पुढचा दिवा मंदावला आणि मागचा लागला की भिंत विरघळते. मित्राकडे बसलेला हँक आणि मैत्रिणीकडे बसलेली फ्रॅनी एकाच चौकटीत येतात. कॅमेरा हलत नाही, कात्री लागत नाही. दोन घरांत रुसून बसलेली माणसं एका दमात दाखवायची याहून सुंदर रीत मी पाहिलेली नाही.

गाणी

गाण्यांसाठीच बघणार असाल तर डोळे मिटून ‘सावरिया’. मॉन्टी शर्माचं संगीत, समीरचे शब्द. शानचं ‘जब से तेरे नैना’ त्यातल्या टॉवेलमुळे गाजलं, पण ऐकायचं ते ‘यूँ शबनमी’ आणि अलका याज्ञिकने म्हटलेलं ‘छबीला’. श्रेया घोषालचं ‘थोडे बदमाश’ तर स्वतः भन्साळींची चाल आहे.

‘वन फ्रॉम द हार्ट’मध्ये पात्रं जवळजवळ गातच नाहीत. टॉम वेट्सचा खरखरीत आवाज आणि क्रिस्टल गेलचा रेशमी आवाज मागून त्यांच्या वतीने भांडतात, टोमणे मारतात, माफी मागतात. पहिली वीस मिनिटं हे विचित्र वाटेल. मग लक्षात येतं, हँक आणि फ्रॅनीला जे बोलायला जमत नाही तेवढंच गाण्यात आहे. या गीतसंगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, म्हणजे कान तरी शाबूत होते लोकांचे.

समीक्षक कुठे बरोबर होते

काही बाबतीत होते. ‘सावरिया’तला राज फार बोलतो, फार उड्या मारतो, पहिल्या तासात त्याला खाली बसवावंसं वाटतं. सलमान खानचा इमान तर माणूस कमी आणि सावली जास्त आहे. सकीना त्याच्यासाठी एवढी का झुरते, हे आपण नुसतं मान्य करायचं. झोहरा सेहगल मात्र घरमालकीण लिलियन म्हणून दिसली की चित्रपटात ऊब येते.

कोपोलाची चूक मला जास्त खुपते. हँक मोटेलच्या छतावरून आत शिरतो आणि फ्रॅनीला खांद्यावर टाकून घेऊन जातो. चित्रपट हे प्रेमाचा वेडेपणा म्हणून दाखवतो. आज ते बघवत नाही. टेरी गारने फ्रॅनीत इतका जीव ओतला आहे की ती परत कशाला येते, हा प्रश्न शेवटी उरतोच. तरीही विमानतळावर हँक बेसूर आवाजात तिच्यासाठी गातो, तेव्हा माझा घसा दाटतो. इतका वेळ वेट्स त्याच्या वतीने गात होता, आता गडी स्वतः गातो आणि त्याला गाता येत नाही.

मग कोणता?

एकतर्फी प्रेम नुकतंच पचवलं असेल, किंवा कधीच पचलं नसेल, तर ‘सावरिया’. संसाराला बरीच वर्षं झाली असतील आणि कालच कपाट आवरण्यावरून वाजलं असेल, तर ‘वन फ्रॉम द हार्ट’, शक्यतो दोघांनी मिळून. गाण्यांचीच ॲलर्जी असेल तर दोन्ही सोडा आणि इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोन्तीचा 1957 चा ‘ले नोत्ती बियांके’ शोधा. तीच दस्तयेवस्कीची कथा, तोही पूर्ण स्टुडिओतला, आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी. याच कथेचा सैलसा धागा मनमोहन देसाईंच्या ‘छलिया’तही (1960) होता आणि त्यात राज कपूर होता, नातवाकडे ही भूमिका घरातूनच आली म्हणायची.

‘सावरिया’ दुपारी, मोबाइलवर बघू नका. काळ्या-निळ्यातला अर्धा तपशील दिसणारच नाही आणि तुम्ही टीकाकारांच्या बाजूला जाल. रात्री, दिवे घालवून, मोठ्या पडद्यावर बघा. सव्वादोन तासांची तयारी ठेवा आणि मध्ये थांबायचं तर मध्यंतरालाच थांबा. कोपोलाचा चित्रपट घेताना आवृत्ती तपासा. त्याने स्वतः पुन्हा संकलित केलेली ‘रिप्राइज’ 2024 मध्ये आली. ती मूळपेक्षा आटोपशीर आहे, प्रतही स्वच्छ केलेली आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याने तीच घ्यावी.