विमान ट्रॅक करायचं पैसेवालं अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर

मुलगी लंडनला असते म्हणून हे अ‍ॅप घेतलं, वर्षाचे पैसे एकदम भरले, म्हणजे हापूसची एक चांगली पेटी गेली समजा. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, ते लिहीत बसत नाही. माझी तक्रार एकच, अरबी समुद्रावर गेलं की विमान गायब होतं.

परवा ती परत निघाली. मुंबईहून उडालं, आम्ही इकडे देवगडात खळ्यात मोबाईल धरून बसलेलो, थोड्या वेळाने विमान पुसट झालं आणि खाली 'अंदाजित स्थान'. बायको ओरडली, "ओ, इमान खंय गेला?" काय सांगणार! सपोर्टला मेल टाकला, छापील उत्तर. परत टाकला, तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. रागाने एक स्टार देऊन झोपलो (झोपलो कसला, तासाभराने विमान ओमानकडे उगवलं तेव्हा डोळा लागला).

मग भाच्याने समजावलं. विमान आपली जागा स्वतःच रेडिओवर सांगत असतं, 1090 मेगाहर्ट्झवर, आणि लोकांनी घरांवर बसवलेले रिसीव्हर ते पकडतात, रेंज फार तर तीन-चारशे किमी. भर समुद्रात कोणाचं घर असणार? त्यात सरळ रस्ता पाकिस्तानवरून जातो, तो आपल्या कंपन्यांना 24 एप्रिल 2025 पासून बंद, म्हणून हिचं विमान समुद्राचा वळसा घेतं. तेव्हा स्टार तीन केले.

तीनच, कारण अंतराचा घोळ आहेच. वर 7,200 किमी दाखवतात, ते सरळ रेघेचं. 900 चा स्पीड धरून मी आठ तास काढले आणि आठव्या तासाला मुलीला फोन लावत बसलो, स्विच ऑफ, बायको देवाला गाऱ्हाणं घालायला उठली. वळसा आणि वर दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला धावणारा जोराचा वारा, त्यामुळे जाताना दहाच्या आसपास लागतात, येताना तोच वारा पाठीमागून म्हणून तास-दीड तास कमी. एवढं ते 7,200 च्या खाली एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? तसं आमची रातराणी मुंबईला पोचायला पण साधारण तेवढेच तास घेते, पण तिला निदान कोणी पेटीभर आंबे देऊन ट्रॅक करत नाही.

आणि खरा राग आता येतोय. आपल्या घरावर रिसीव्हर लावून डेटा पाठवला की हेच सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, हे भाचा पैसे भरून आठ महिने झाल्यावर सांगतोय! ऑटो रिन्यूअल बंद केलंय, रिसीव्हर मागवलाय. अँटेना गच्चीवर लावायची की माडावर यावरून घरात वाद चालू आहे, बायको म्हणते माडावर, तिकडून समुद्र लांबपर्यंत दिसतो, पण खाऱ्या वाऱ्यात गंजली तर चढणार कोण?