घरच्या गॅरेजमध्ये बांधलेला 1951 चा हॉट रॉड ट्रक: काही महिने रोज चालवल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. ट्रक छान झालाय, रोज चालतो आणि मी तो विकणार नाही. पण इंजिन कुठलं, चाकं कुठली, रंग कुठला यावर जो काथ्याकूट केला, त्यातलं चालवताना आता काही आठवतही नाही. रोज जाणवतात त्या गोष्टी भलत्याच आहेत: पायापाशी येणारी धग, ब्रेकच्या पेडलचा पहिला इंचभर प्रवास आणि सिग्नलला उभं असताना तापमानाचा काटा. हॉट रॉडबद्दल (म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन आणि नवे भाग घालून बांधलेल्या गाडीबद्दल) जे वाचायला मिळतं ते बहुतेक ट्रक गॅरेजबाहेर येईपर्यंतचंच असतं. म्हणून हे नंतरचं.

मूळ ट्रक म्हणजे शेव्हरोले 3100, अर्ध्या टनाचा. अमेरिकेत 1947 ते 1955 पर्यंत निघालेली ही गोल नाकाची पिढी हॉट रॉडवाल्यांची लाडकी आहे. कारणही सरळ आहे: चासिस साधी शिडीसारखी, केबिन वेगळी, हौदा वेगळा, सगळं नट-बोल्टवर. घरच्या गॅरेजमध्ये लिफ्ट नसताना एकेक तुकडा उतरवता येतो. मूळचं 216 क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, 6 व्होल्टची वायरिंग, पुढे सरळ एक्सल आणि पाटे, व्हॅक्यूमवर चालणारे वायपर (चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हे वायपर जागच्या जागी थबकतात) आणि पेट्रोलची टाकी चक्क केबिनमध्ये, सीटच्या मागे. यातलं जवळजवळ काहीही ठेवलं नाही. केबिन, मडगार्ड, बॉनेट, हौदा आणि चासिसचे दोन लांब रूळ एवढंच जुनं.

बदल असे. शेव्हीचं 350 क्युबिक इंचाचं व्ही-8, चार गिअरचा 700आर4 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे फोर्डचा 9 इंची डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा भाग), पुढे ‘मस्टँग टू’ पद्धतीचं सस्पेन्शन आणि रॅक अँड पिनियन स्टीअरिंग. फोर्डने 1974 ते 1978 दरम्यान विकलेली मस्टँग टू ही गाडी म्हणून फारशी कुणाला आठवत नाही, पण तिचं पुढचं सस्पेन्शन इतकं आटोपशीर होतं की आज त्या आराखड्यावरचे क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा चासिसचा आडवा तुकडा) जवळपास प्रत्येक जुन्या ट्रकसाठी तयार मिळतात.

इंजिनाबद्दल थोडक्यात. 350 हे इंजिन शेव्हरोलेने 1967 साली आणलं आणि त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. ताकद हवी त्यापेक्षा जास्तच आहे. खरा फरक पडला तो गिअरबॉक्सने. मूळ ट्रकचा मागचा रेशो 4.11 होता, म्हणजे चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या 4.11 फेऱ्या. 28 इंची टायरवर ताशी 65 मैल वेगाला इंजिन मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या आसपास फिरलं असतं, म्हणजे कानाला दडे. आता मागे 3.70 आहे आणि चौथा गिअर 0.70 चा, त्यामुळे त्याच वेगाला काटा 2000 वर असतो. लांबच्या प्रवासाला हा ट्रक मी नेतो याचं श्रेय व्ही-8 ला नाही, त्या चौथ्या गिअरला आहे. या गिअरबॉक्सची एक अट मात्र आहे. कार्ब्युरेटरपासून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापासून) त्याच्याकडे एक केबल जाते, आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय त्याप्रमाणे आतल्या तेलाचा दाब त्या केबलमुळे वाढतो. ती ढिली राहिली तर दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि पाहता पाहता जळतात. ही केबल म्हणजे गिअर बदलण्याची गोडी-बिडी ठरवणारी वस्तू आहे असं समजून अंदाजाने बसवणारे लोक मी पाहिलेत. प्रेशर गेज लावून सेट करा, दुसरा इलाज नाही.

आता ब्रेक, कारण इथे जुन्या ट्रकची रचना आडवी येते. या ट्रकमध्ये पेडल जमिनीतून वर येतं आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) पायाखाली, चासिसच्या रुळाला लटकलेला असतो. पुढे डिस्क बसवल्यावर कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, मास्टर सिलिंडरपेक्षा वर येतात. मग ब्रेक सोडला की ऑइल उताराने मागे वाहतं, पॅड मागे सरकतात आणि पुढच्या वेळी पेडल निम्मं खाली गेल्यावर ब्रेक लागतो. यासाठी लाइनमध्ये दाब धरून ठेवणारे छोटे व्हॉल्व लागतात: डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा (चौरस इंचाला 2 पाउंड दाब), ड्रमच्या लाइनला 10 चा. वस्तू अंगठ्याएवढी, पण ती नसेल तर दर सिग्नलला पेडल दोनदा दाबावं लागतं. माझ्याकडे दोन्ही पहिल्यापासून आहेत आणि पेडल अजून तसंच घट्ट आहे.

तक्रार वेगळी आहे. ब्रेक ऑइल तपासायला केबिनमधला गालिचा उचला, मग झाकण उघडा, मग टॉर्च घेऊन वाका. कंटाळा येतो आणि कंटाळ्यामुळे तपासणं लांबतं, हे ब्रेकच्या बाबतीत बरं नाही. बांधत असाल तर बॉनेटखाली वेगळी छोटी टाकी ठेवून तिथून नळी खाली न्या.

दुसरी गोष्ट बूस्टरची, म्हणजे ब्रेक दाबायला पायाला मदत करणाऱ्या डब्याची. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. साध्या कॅमशाफ्टवर (इंजिनाचे व्हॉल्व उघडणारा दांडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, पाऱ्याच्या 18 इंचांच्या आसपास व्हॅक्यूम मिळतो. तो धडधडत, लंगडत चालणारा आयडलचा आवाज हवा म्हणून मोठा कॅम टाकला की व्हॅक्यूम पडतो आणि पेडल दगडासारखं होतं. आवाज सगळ्यांनाच आवडतो, मलाही. पण शाळेपाशी एखादं पोर आडवं धावलं तर तो आवाज उपयोगाचा नाही. माझा कॅम मवाळ आहे आणि तसाच राहील.

रिकाम्या हौद्यामुळे मागचं वजन अगदीच कमी, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात. मागच्या लाइनमध्ये फिरकीचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व आहे, तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. पावसात मोकळ्या पटांगणावर ब्रेक मारून मारून तो जुळवला. आता पुढची चाकं आधी घसरतात, तसंच हवं.

आता सगळ्यात मोठा विषय, उष्णता. सहा सिलिंडरचं सडपातळ इंजिन जिथे बसायचं तिथे रुंद व्ही-8 बसलं की एक्झॉस्ट थेट तुमच्या पायांच्या पलीकडे, एका पत्र्याच्या अंतरावर येतो. शोसाठी बांधलेल्या ट्रकांत चकाकत्या नळ्यांचे हेडर असतात. मी साधे ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड ठेवले. जाड ओतीव भिंतीमुळे बॉनेटखाली धग कमी पसरते, आवाज दबतो, आणि स्टीअरिंगचा शाफ्ट त्यांच्या बाजूने निमूट जातो. ताकद थोडी कमी, असू दे. तरीही उन्हाळ्यात तासाभराने उजवा पाय शेकतो. जमिनीच्या पत्र्यावर आधी ब्युटाइलची शीट आणि वर बंद पेशींचा फोम असे दोन थर आहेत. ब्युटाइल पत्र्याचा कंप मारतं, उष्णतेवर त्याचा फारसा उपयोग नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत आणि नुसती काळी चिकट शीट लावून ‘केबिन थंड होईल’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शेवटी धग तोडली ती सायलेन्सरच्या पाइपावर, पाइप आणि केबिनचा तळ यांच्यामध्ये हवा खेळेल असं अंतर ठेवून लावलेल्या पत्र्याच्या ढालीने.

रेडिएटरचंही तसंच. या ट्रकचं नाक दिसायला ऐसपैस, पण रेडिएटरची जागा अरुंद आणि उंच. हायवेवर काही प्रश्न नाही, वाऱ्यानेच काम होतं. खरी परीक्षा ट्रॅफिकमध्ये. रेडिएटरची पूर्ण रुंदी झाकणारा श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) असल्याशिवाय पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोल तुकड्यातून हवा ओढतो, चारी कोपरे नुसते शोभेला. श्राउडसकट इलेक्ट्रिक पंखा आहे, थर्मोस्टॅट 180 फॅरनहाइटचा. उभ्या गाडीत काटा 200 पर्यंत जातो, पंखा सुरू होतो आणि काटा खाली येतो. रोज पाहिलं तरी माझी नजर तिकडे जातेच.

इंजिन बंद केल्यावर आणखी एक गंमत होते. पाणी फिरणं थांबतं, इंजिनाची सगळी धग वर कार्ब्युरेटरकडे चढते आणि त्यातलं पेट्रोल उकळतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असलं की हे अजून लवकर होतं. दुकानात दहा मिनिटं जाऊन या, परत आलात की स्टार्टर कुरकुरत राहतो आणि आजूबाजूचे लोक दयेने बघतात. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा फिनॉलिकचा जाड ठोकळा आणि टाकीकडे परत जाणारी पेट्रोलची लाइन, या दोन गोष्टींनी त्रास जवळपास संपला. टाकी आता हौद्याखाली आहे. बायको पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, ‘‘अरे, यात पेट्रोलचा वास कसा नाही?’’ तिने हा ट्रक जुन्या अवस्थेत अनुभवला होता, त्यामुळे ही दाद मी जपून ठेवलीय.

पंखा आला की करंट आला. तो सुरू होताना आणि चालताना मिळून चांगलीच वीज खातो, म्हणून रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), जाड वायर आणि आयडललाही पुरेसा करंट देणारा ऑल्टरनेटर हवा. वायरिंगची तयार माळ घेतली होती, ती व्यवस्थित आहे. इतक्या महिन्यांत जे काही बिघडल्यासारखं वाटलं ते सगळं अर्थिंगचं निघालं. इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा हलतो, हेडलाइट लावले की तापमान वाढल्यासारखं दिसतं: गेज खराब नसतं, करंटला परतीचा रस्ता मिळत नसतो. रंग मारलेल्या चासिसवर बोल्ट आवळून अर्थ होत नाही. इंजिन ते चासिस, केबिन ते चासिस आणि बॅटरी ते इंजिन अशा तीन जाड पट्ट्या, प्रत्येक टोकाखालचा रंग खरवडून, वर ग्रीस. त्यानंतर काटे शहाण्यासारखे वागतात.

पत्र्याचं काम अजून टिकलंय का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. या ट्रकला गंज ठरलेल्या जागी लागतो: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा. कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडताना घाई केली की पत्रा तापून लाटांसारखा उठतो. मिग वेल्डर, 0.023 इंची वायर, 75 टक्के आर्गॉन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड. एक टाका मारायचा, वीतभर लांब जाऊन दुसरा, मग पहिल्या टाक्यावर उघडा हात ठेवता येईपर्यंत थांबायचं. हाताला चटका बसतोय तोवर शेजारी टाका नाही. एका कोपऱ्याला अख्खी दुपार जाते, पण वर पुट्टीचा थर पातळ लागतो. आत्ता उन्हात आडवं पाहिलं तरी शिवण दिसत नाही. एका विक्रेत्याकडून आलेल्या डाव्या कोपऱ्याची वळणरेषा मात्र मूळ केबिनशी जुळतच नव्हती, तो तुकडा कापून पुन्हा जोडावा लागला. बाहेरून आणलेला पत्रा रंगवण्याआधी, कापण्याआधी, जागेवर धरून बघा.

घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अगदी स्पष्ट लिहितो. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर फवारलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. आणि हार्डनर मिसळायच्या रंगात आयसोसायनेट असतात. साध्या कापडी मास्कने ती अडत नाहीत, त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणूनच प्रायमरपर्यंतचं काम मी घरी केलं आणि वरचा रंग बूथ असलेल्या माणसाकडून करून घेतला. रंगाचं श्रेय माझं नाही.

ट्रक म्हणून उपयोग? कमी. मागून खाली बसवण्यासाठी एक्सलच्या वर चासिसला खाच दिली आहे, त्यामुळे हौद्याची जमीन वर उचलावी लागली आणि खोली गेली. फळ्या ओकच्या, वार्निश केलेल्या, मध्ये स्टीलच्या पट्ट्या. त्यावर विटा टाकायचं धाडस अजून झालेलं नाही. शेजारी सोफा न्यायला ट्रक मागायला आला होता, त्याला मी त्याच्याच गाडीला ट्रेलर जोडून दिला.

देखभाल म्हणाल तर सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टवर आवळल्यानंतर पेनाने नटापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळी रेघ ओढून ठेवली आहे. महिन्यातून एकदा खाली सरपटत जाऊन टॉर्च मारायचा, रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरलाय. सुरुवातीला मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट ढिले सापडले, पुन्हा आवळल्यावर हलले नाहीत.

सध्या राहिलेली कामं: पुढच्या काचेच्या रबराखालून जोराच्या पावसात पाणी झिरपतं, ते रबर बदलायचंय. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतल्या कूलरवर थंड होतं, त्याला वेगळा कूलर द्यायचाय, म्हणजे रेडिएटरवरचा तेवढा भार कमी होईल. एसीचा विचार होता, पण त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्याच पुढे येतो, म्हणून तो तूर्त कागदावर. या उन्हाळ्यात काटा 200 च्या आत राहिला तर पुढच्या वर्षी बघू.