दिव्याखाली हुमणी: सोलर प्रकाश सापळा वापरून बघितल्यावर

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी या अळीसाठी सोलर सापळा घ्यावा का, असं गावात मला येता-जाता विचारतात, कारण वळवाच्या दिवसांत आमच्या बांधावर निळा दिवा जळताना सगळ्यांना दिसतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्या, पण हुमणी मारायला म्हणून घेऊ नका. हुमणीचे भुंगेरे, म्हणजे अळीचे मोठे झालेले किडे, जमिनीतून कधी बाहेर पडले, हे कळायला घ्या. दुकानदार मात्र नेमकं उलटं सांगून विकतो.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामावर आहे. करवीर तालुक्यात माळाकडं घरचा थोडा ऊस आहे, को 86032 जातीचा, लागण आणि खोडवा धरून. त्यामुळं हा सापळा मी दोन नजरांनी बघितला, शेतकऱ्याच्या आणि पत्रा कापणाऱ्याच्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मार्केट यार्डाकडच्या दुकानांत हाच माल तीन-चार वेगवेगळ्या स्टिकरखाली ठेवलेला असतो. दिवा तोच, टबही तोच. किंमत साडेतीन हजाराच्या आसपास, घासाघीस केली तर थोडी खाली येते.

खोक्यात काय मिळतं? लोखंडी पाइपाचा स्टँड, वर छोटं सोलर पॅनेल, त्याखाली बॅटरीचा डबा, निळसर-जांभळा एलईडी, खाली नरसाळं आणि प्लास्टिकचा पिवळा टब. टबात पाणी भरायचं आणि त्यावर रॉकेल टाकायचं, असं माहितीपत्रक म्हणतं. रेशनवर रॉकेल मिळायचं बंद होऊन किती काळ झाला हे छापणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी भांडी घासायच्या साबणाचं पाणी वापरतो, भुंगेरा तरंगत नाही, बुडतो. खोक्यावर चित्र आहे कापसाच्या बोंडाचं. कोल्हापुरात कापूस!

बांधणीबद्दल बोलायचं तर स्टँड बरा आहे. पाइप पातळ, पण वेल्डिंग पक्कं. पावडर कोटिंग एका पावसाळ्यात पायाशी सुटलं, ते अपेक्षितच होतं. पॅनेलचा कोन बदलता येत नाही, ही खरी गैरसोय, कारण मे महिन्याच्या अखेरीस दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि बॅटरीला जे काय मिळायचं ते सकाळीच मिळतं. तरी संध्याकाळचे तीन तास दिवा निघतो, आणि आपल्याला तेवढाच हवा आहे. का ते पुढं येतंय.

आमच्याकडं माळावर त्रास देते ती होलोट्रिकिया सेराटा या जातीची हुमणी. नदीकाठच्या मळीच्या रानात ल्युकोफोलिस लेपिडोफोरा असते, ती वेगळी. दुकानदारानं मला रान कुठलं, हे विचारलंसुद्धा नाही. होलोट्रिकियाची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले, जमीन ओली झाली, की आत बसलेले तपकिरी भुंगेरे अंधार पडता पडता बाहेर पडतात आणि थेट कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जातात. तिथं पाला खातात, मिलन होतं. पहाटेच्या आत परत जमिनीत जातात. मग मादी ओल्या मातीत अंडी घालते, दीड-दोन आठवड्यांत अळी निघते. सुरुवातीला ती कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर आणि बारीक मुळांवर जगते. पावसाळा मध्यावर आला की ती तिसऱ्या अवस्थेत जाते, बोटाएवढी जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, आणि उसाची मुळंच्या मुळं खाऊन टाकते. बेट पिवळं पडतं, ओढलं की हातात येतं. तोवर काही करून उपयोग नसतो. पूर्वी लोक याच टप्प्यावर फोरेट टाकायचे. 31 डिसेंबर 2020 पासून देशात फोरेटवर बंदी आहे, आणि चांगलंच झालं, ते विष माणसालाही तेवढंच घातक होतं.

म्हणजे वर्षभरात ही कीड आपल्या हाताला लागते ती त्या थोड्याशा संध्याकाळीच. सापळ्याची जागा इथं येते.

पहिल्यांदा मी तो दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणं उसाच्या मधोमध लावला. "एकराला एक लावा, हुमणी संपली म्हणून समजा," असं तो म्हणाला होता. सकाळी टबात पाकोळ्या, तुडतुडे, पंख गळालेली वाळवी, आणि भुंगेरे अगदी मोजके. पण बांधावरच्या कडुनिंबाखाली मात्र पाल्याचे चंद्रकोरीसारखे कातरलेले तुकडे पडलेले. भुंगेरे होते, पण ते दिव्याकडं का येतील, त्यांना झाडावर जायचं होतं. मग सापळा कडुनिंबापासून थोड्या अंतरावर हलवला आणि त्या संध्याकाळपासून टबात खरा माल पडायला लागला.

तरी एक गोष्ट खटकत होती. पुष्कळ भुंगेरे दिव्याभोवती गरगर फिरायचे आणि टबात पडण्याऐवजी बाहेर मातीत पडायचे. माझी पुतणी शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. तिनं मला एका संशोधनाबद्दल सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात ते आलं होतं. संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी रात्री दिव्याभोवतीच्या किड्यांचं उडणं टिपलं. त्यांना असं दिसलं की किडे दिव्याकडं झेपावत नाहीत, ते दिव्याकडं पाठ करतात. रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उजेडाकडं पाठ ठेवली की किड्याला आपण सरळ उडतोय हे कळतं. माणसानं लावलेला दिवा बाजूला आला, की पाठ त्याच्याकडं वळते आणि किडा घिरट्यांत अडकतो. दिवा खाली असला तर उलटा होऊन पडतो.

हे ऐकल्यावर सापळ्याचा दोष मला कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखा समोर दिसला. घिरट्या घालणाऱ्या किड्याला मधे काहीतरी आडवं यायला पाहिजे, ज्याच्यावर आपटून तो खाली पडेल. संशोधन केंद्रांवरच्या सापळ्यांना दिव्याभोवती उभे पत्रे असतात, ते त्यासाठीच. या स्वस्त मालात कंपनीनं तेच वाचवलेत. उद्यमनगरात बोर्ड बनवणाऱ्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे आणले, चार पट्ट्या कापल्या आणि दिव्याभोवती फुलीच्या आकारात बसवल्या. पत्रा लावला असता तर उजेड अडला असता. खर्च चहापाण्याएवढा. बाहेर मातीत पडणारे भुंगेरे डोळ्यांदेखत कमी झाले. ज्याच्याकडं ड्रिल मशीन आहे त्यानं हे करावंच. ज्याच्याकडं नाही त्यानं घेतानाच पत्रे असलेला सापळा मागावा, चारपाचशे जास्त गेले तरी चालतील.

आता ते तीन तासांचं. सापळा कारखान्यातून येतो तेव्हा त्याला अंधार पडला की आपोआप लागायची आणि बॅटरी संपेस्तोवर जळत राहायची सवय लावलेली असते. डब्याखाली एक बटण आहे, ते दाबून वेळ बदलता येते. माहितीपत्रकात त्याच्याबद्दल एक ओळ आहे, तीही मराठीत नाही. मी काही रात्री दहाच्या सुमाराला टब बदलून बघितला. पहिल्या टबात भुंगेरेच भुंगेरे. नंतरच्या टबात भुंगेरे नावाला आणि बाकी सगळी आपलीच माणसं, म्हणजे मित्रकिडी: मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा, जमिनीवर पळून किडी खाणारे काळे भुंगे.

हे हलक्यात घेऊ नका. 2002 साली सांगली-कोल्हापूरच्या उसावर पांढरा लोकरी मावा आला, तेव्हा फवारून फवारून लोक थकले. शेवटी तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा होता डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा. डिफाची अळी मावा खाते, पण मोठेपणी ती पतंग होते, रात्री उडणारा पतंग. रात्रभर निळा दिवा लावून बसलो तर आपण हुमणीच्या नादात कुणाला बुडवतोय, याचा हिशोब कंपनीच्या खोक्यावर नसतो. म्हणून सातला सुरू, दहाला बंद. भुंगेऱ्यांचे दिवस संपले की सापळा घरी आणून माळ्यावर टाकायचा. बाराही महिने बांधावर दिवा लावून ठेवणारे बघितलेत मी.

आणि एक. दिव्यापर्यंत आलेला प्रत्येक भुंगेरा टबात पडत नाही. जो निसटतो तो तिथंच आसपास जमिनीत जातो. म्हणजे नीट लावला नाही तर सापळा शेजाऱ्याची हुमणी आपल्या रानात आणून सोडतो. आमचे तात्या हे ऐकून म्हणाले, "मग तू तुझा सापळा माझ्या बांधावर नको लावूस बाबा." लावला नाही. पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे. एकट्यानं एक सापळा लावून शिवारातली हुमणी कमी होत नाही. जिथं सगळ्यांनी मिळून, एकाच आठवड्यात, कडुनिंबाच्या फांद्या आकडीनं हलवून खाली पडलेले भुंगेरे बादल्यांत गोळा केले, तिथं फरक पडतो. हातातली बॅटरी (टॉर्च), आकडी, बादली, चार पोरं. सापळ्याच्या किमतीत अख्ख्या गल्लीचं सामान येतं.

तर मग माझ्या सापळ्याचा उपयोग काय झाला? तारीख कळली. टबात पहिल्यांदा मूठभर भुंगेरे दिसले की त्याच संध्याकाळी आकड्या घेऊन बाहेर पडायचं. आणि त्या तारखेपासून पुढं मोजलं की अळ्या कधी लहान असतील याचा अंदाज येतो. तेव्हा मी शेणखतात मेटॅरायझियम मिसळून उसाच्या ओळीत, ओल असताना देतो. ही हिरवी बुरशी मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं 1879 मध्ये ओडेसाला गव्हावरच्या भुंगेऱ्यात शोधली, म्हणजे आमच्या हुमणीच्या चुलतभावातच. ती अळीच्या कातडीवर रुजते आणि आत शिरते. अळी लहान असेल आणि जमिनीत ओल असेल तर काम करते. सप्टेंबरात बेटं पिवळी पडल्यावर पिशवी आणून टाकणाऱ्याला ती काय करणार? सूत्रकृमी, म्हणजे अगदी बारीक जंत, मिळतात, तेही चांगले, हेटेरोऱ्हॅब्डायटिस म्हणून. पोटात जीवाणू घेऊन फिरतात आणि एक-दोन दिवसांत अळी मारतात. पण त्यांनाही उन्हाचं आणि कोरड्या मातीचं वावडं आहे, संध्याकाळीच द्यावे लागतात.

दुकानाच्या सेवेबद्दल थोडं. बॅटरी पहिल्याच हंगामात बसली. वॉरंटी आहे असं बिलावर लिहिलेलं होतं, दुकानदार म्हणाला कंपनीकडं पाठवा, कंपनीचा फोन कुणी उचलला नाही. मी तसलीच लिथियमची बॅटरी बाहेरून आणून सोल्डर केली. डबा उघडायला चार स्क्रू आहेत, पण रबरी वॉशर नाही, पाणी आत गेलेलं दिसत होतं. सिलिकॉन लावून घ्या. घेताना दुकानातच डबा उघडून बघा, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

सापळा वाईट नाही. पाचपैकी तीन तारे देतो, पत्रे लावून आले असते तर चार दिले असते. एकट्यानं घ्यायची वस्तू मात्र नाही. दहा-बारा बांधांत मिळून एक पुरे, कडुनिंबाजवळ, रोज टब बघणारा एक माणूस ठरवून. हाच विषय आम्ही सोसायटीच्या बैठकीत मांडलाय. सापळ्याचे पैसे सोसायटीनं द्यावेत असं तात्यांचं म्हणणं. सचिव म्हणतो, कडुनिंब ज्याच्या बांधावर त्यानं द्यावेत. त्यावर तात्यांनी विचारलं, मग ज्याच्या बांधावर बाभूळ आहे त्याचं काय. पुढची बैठक वळवाआधी व्हायला पाहिजे.