मोडेम रिले गेटवे: पंपहाऊसवर एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. मोडेम म्हणजे डेटाचा आवाज करून तो फोनवरून पाठवणारं यंत्र. इंटरनेटवरून तो आवाज पाठवायचा नाद सोडा, मूळ डेटाच पाठवा. व्ही.१५०.१ हे मोडेम रिलेचं मानक पाळणारे गेटवे (फोनची लाइन आणि इंटरनेट जोडणारे डबे) आम्ही उन्हाळ्यात बसवले, अख्खा पावसाळा त्यांच्यावर काढला आणि आता समाधानी आहोत. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. त्या डब्यात काय असायला हवं हे खरेदीआधी लिहून मागितलं नाही, तर कुठलाही ब्रँड त्रास देईल.

आमची पाणीपुरवठा योजना जुनी आहे. घाटाखालच्या पंपहाऊसमधल्या आरटीयूंचा (टाकी-पंपांची माहिती लांबून कळवणाऱ्या यंत्रांचा) मोडेम कार्डावरच बसवलेला, सिरीयल पोर्ट (डेटाची तार थेट जोडायची जागा) बाहेर काढलेला नाही, आणि कंट्रोल रूमचं सॉफ्टवेअर फोन लावल्याशिवाय कशाशीच बोलत नाही. तांब्याची लाइन जाऊन फायबर आली, फोन ओएनटीच्या (फायबरच्या टोकाला बसणाऱ्या डब्याच्या) पोर्टवर आला. बोलायला आवाज आधीपेक्षा स्वच्छ. पण टाकीची पातळी विचारणारा छोटा कॉल नीट व्हायचा आणि महिन्याचा लॉग उतरवणारा लांब कॉल दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी तुटायचा.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फोनचा आवाज आकड्यांत बदलणाऱ्या जी.७११ पद्धतीत सेकंदाला ८००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) जातात. दोन टोकांच्या घड्याळांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला, तर सेकंदाला ०.४ सॅम्पल मागे-पुढे होतं. ४०० सेकंदांत १६० सॅम्पल, म्हणजे २० मिलिसेकंदांचं एक अख्खं पॅकेट, उरतं किंवा कमी पडतं. पॅकेटं एका लयीत पुढे देणारा जिटर बफर ते टाकून देतो किंवा काहीतरी भरून वेळ मारून नेतो. माणसाच्या कानाला पत्ता लागत नाही, पण मोडेमचं सिंक सुटतं, तो रीट्रेन (पुन्हा जुळणी) करू लागतो आणि शेवटी कॅरियर (जोडणीचा मूळ सूर) सोडतो. नेटवर्कमध्ये एकही पॅकेट हरवलं नसताना हे होतं. त्यामुळे ‘आमच्या बाजूने लॉस शून्य आहे’ हे सेवादात्याचं उत्तर खरं असूनही आपल्या कामाचं नसतं. एको कॅन्सलर (प्रतिध्वनी काढणारा) आणि सायलेन्स सप्रेशन (शांतता गाळणं) बंद करून, बफर स्थिर ठेवून थोडा फरक पडतो, पण घड्याळाचा प्रश्न तसाच राहतो.

रिलेमध्ये मोडेमचा आवाज गेटवेपाशीच थांबतो. गेटवे स्वतः मोडेम होऊन सिग्नल उलगडतो आणि फक्त बाइट पुढे पाठवतो. व्ही.१५०.१ ही आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) २००३ सालची शिफारस. तिच्यात त्यासाठी एसपीआरटी नावाचा, यूडीपीवर (पोहोचण्याची हमी न देणाऱ्या साध्या पॅकेट पद्धतीवर) चालणारा प्रोटोकॉल दिला आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. व्ही.४२ ची (मोडेमांमधल्या चुका सुधारण्याच्या मानकाची) एरर करेक्शन आता गेटवेपाशीच संपते. मोडेमने फ्रेम पाठवली की गेटवे लगेच पोच देतो आणि मोडेम ती फ्रेम विसरतो. पुढे नेटवर्कमध्ये तो डेटा हरवला, तर मोडेम तो पुन्हा पाठवणार नाही. पोच ज्याने दिली त्याचीच जबाबदारी. विश्वासार्ह वाहतुकीची सगळी गरज इथून सुरू होते.

मग सगळं क्रमाने पोहोचवणारा टीसीपी प्रोटोकॉलच सरळ का नको? सुरुवातीला विक्रेत्याने तसाच एक स्वस्त डबा दाखवला होता. टेबलावर लिनक्सच्या नेटएम या साधनाने मुद्दाम लॉस आणि उशीर घालून पाहिलं. बाइट सगळे येत होते, क्रमाने येत होते, पण एक सेगमेंट हरवला की मागचं सगळं ताटकळायचं, आणि ब्रेक सिग्नलही त्याच रांगेत अडकायचा. ऑपरेटरने अडकलेलं डाउनलोड थांबवायला ब्रेक दिला आणि तो डाउनलोडच्याच मागे उभा राहिला, तर त्याचा उपयोग काय? एसपीआरटीत चार चॅनल आहेत: दोन विश्वासार्ह आणि क्रमवार, त्यातला एक तातडीच्या निरोपांसाठी, उरलेल्या दोन चॅनलमध्ये पोहोचण्याची हमी नाही, पण एकात क्रम सांभाळला जातो. ही विभागणी मला मनापासून पटली. टेंडरमध्ये ‘एसपीआरटीचे चारही चॅनल’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘मोडेम सपोर्ट’ लिहिलंत तर पासथ्रूवाला, म्हणजे आवाजच पुढे ढकलणारा, डबा गळ्यात पडेल.

दुसरी अट फ्लो कंट्रोलची, म्हणजे समोरच्याला पेलेल तेवढंच पाठवण्याची. रिलेमध्ये दोन्ही बाजूंचे मोडेम वेगवेगळ्या वेगाने जुळू शकतात. आमचा आरटीयू सेकंदाला २४०० बिटांवर, कंट्रोल रूम १४४००. कंट्रोल रूमकडून नवी सेटिंग फाइल जाताना बफर भरणारच. तेव्हा पलीकडच्या गेटवेने ‘थांब’ म्हटलं पाहिजे आणि अलीकडच्या गेटवेने ते आपल्या मोडेमपर्यंत आरएनआर (‘अजून तयार नाही’ सांगणाऱ्या) फ्रेमने पोहोचवलं पाहिजे. आमच्या डब्याच्या पहिल्या फर्मवेअरमध्ये ही साखळी मध्येच तुटत होती आणि फाइल अर्धवट उतरत होती. अपडेटनंतर ठीक झालं. एका बाजूचा कॅरियर गेला की दुसरी बाजूही लगेच सोडली पाहिजे, हेही तपासून घ्या. नाहीतर सॉफ्टवेअर मेलेल्या लाइनवर उत्तराची वाट पाहत बसतं.

एका पंपहाऊसवर मात्र मोडेम बाहेर आहे आणि पीएलसी (पंप चालवणारा कंट्रोलर) मॉडबस आरटीयूवर बोलतो; हा यंत्रांच्या बोलण्याचा प्रोटोकॉल, वरचं आरटीयू यंत्र वेगळं. तिथे एकही बाइट न हरवता फ्रेम बाद होत होत्या. मॉडबस आरटीयूत ३.५ अक्षरांइतकी शांतता म्हणजे फ्रेम संपली. ९६०० बॉडला ती जेमतेम ४ मिलिसेकंद. एक फ्रेम दोन पॅकेटांत विभागली गेली की मधल्या उशिराने तिचे दोन तुकडे होतात. हा दोष रिलेचा म्हणता येणार नाही, व्ही.४२ मुळे साध्या तारेवरही असं होऊ शकतं. मॉडबस अ‍ॅस्कीवर गेलो आणि त्रास थांबला, कारण तिथे फ्रेमची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या अक्षरांनी कळतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. आमच्या सेवादात्याच्या एसआयपी ट्रंकमधून (इंटरनेटवरच्या फोनजोडणीतून) रिलेची बोलणी पुढे जातच नव्हती, म्हणून दोन्ही टोकांना आपलेच गेटवे ठेवून व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीतून) थेट जोडले. आणि तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ती आता येत नाही. ओएनटी, राउटर आणि गेटवे तिन्ही यूपीएसवर घ्या, कारण लाइट गेल्यावरच पंपहाऊसची खबर हवी असते.

तुमच्या यंत्राचा सिरीयल पोर्ट मोकळा असेल आणि सॉफ्टवेअर नेटवर्कवरून बोलत असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. साधा सिरीयल डिव्हाइस सर्व्हर (सिरीयल पोर्ट नेटवर्कला जोडणारा डबा) बसवा आणि मोडेम काढून टाका. मॉडबसवाल्या पंपहाऊससाठी आम्हीही आता तेच मागवलं आहे.