एबीएसचा दिवा लागला: शोरूम, ऑटो इलेक्ट्रिशियन की स्वतःचा स्कॅनर?

पाऊस लागला, पाणंदीत गाडी एकदा फसली आणि चार दिवसांनी डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटून बसला. थार, स्कॉर्पिओ, गुरखा घेऊन वावरापर्यंत जाणाऱ्यांना मराठवाड्यात हे काही नवं नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं, "ब्रेक लागतोय ना, मग चालू द्या." अर्धं खरं आहे. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक नेहमीसारखा लागतो. फक्त ओल्या डांबरावर जोरात दाबला तर चाक जाम होऊन गाडी घसरू शकते. पण एबीएसला चाकाचा वेग सांगणारा चाकाजवळचा सेन्सरच ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी सोय) आणि उतारावर गाडी आपोआप हळू उतरवणारा हिल डिसेंट यांनाही वेग कळवतो. २०२० नंतरच्या थारच्या वरच्या मॉडेलमध्ये फिरतं चाक ब्रेकने आवरून दुसऱ्याला जोर देणारी सोय आहे, तीही त्याच्याच भरवशावर. म्हणजे चिखलासाठी ज्याचे जास्तीचे पैसे मोजले, नेमकं तेच बंद पडतं. आणि पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर पुढचं वाचण्याआधी ब्रेक ऑइल बघा. गाडी हलवू नका.

एक प्रकार मात्र सोडून द्यायचा. गाडी फसलेली असताना मागची चाकं जागेवर गरगर फिरली आणि पुढची थांबून होती, तर कॉम्प्युटरला चार चाकांचा हिशेब लागत नाही आणि तो दिवा लावतो. गाडी बंद करून चालू करा, सरळ रस्त्यावर थोडी पळवा. दिवा गेला आणि परत आला नाही, तर कुणाकडेच जायची गरज नाही.

परत आला तर तीन वाटा आहेत. निवडण्याआधी एवढं लक्षात असू द्या: बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर एक कोड साठवतो, तो स्कॅनरवर वाचता येतो. हा कोड चाक सांगतो, बिघडलेली वस्तू सांगत नाही. सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं. काही कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात. पण सी ००३५ निघाला म्हणून डावा सेन्सरच गेला असं नाही. वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), बेअरिंग, चाकासोबत फिरणारी आणि सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती दातेरी रिंग, यांतलं काहीही असू शकतं. "कोड आला, सेन्सर बदला" म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नये, मग तो झाडाखालचा असो की काचेच्या शोरूममधला.

स्वतःच्या स्कॅनरचा मोह सगळ्यांना होतो. ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारं ब्लूटूथ डोंगल साध्या ॲपवर बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतं. एबीएसपर्यंत ते पोचतच नाही आणि मोबाइलवर "एकही कोड नाही" असं दाखवून मोकळं होतं. एबीएस वाचणारा आणि तुमच्याच मॉडेलला चालणारा स्कॅनर काही हजारांना पडतो. घेण्याआधी दुकानदाराला गाडीवर लावून दाखवायला सांगा. एकट्या गाडीसाठी तो महाग वाटेल. गावात चार-पाच जणांकडे अशा गाड्या असतील तर वर्गणी काढून घेतलेला बरा.

त्याचा खरा उपयोग कोड वाचण्यात नाही, चारही चाकांचा वेग चालत्या गाडीत बघण्यात आहे. लातूर-औसा किंवा बीड-मांजरसुंबा रस्त्यावर गर्दी नसताना तीसच्या वेगाने सरळ चला. आकडे शेजारच्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही. एक चाक शून्यावरच बसलं असेल तर वायर तुटली किंवा सेन्सर मेला. गाडी थांबता थांबता एकाच चाकाचा आकडा इतरांच्या आधी शून्यावर पडत असेल, तर सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलंय किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलाय. सावकाश थांबताना उगाच पेडल थरथरतं ते बहुतेक यामुळेच. आकडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा गचका खात असेल तर रिंगचा दात तुटलाय किंवा तिथे गंज फुगलाय. आणि एखादं चाक कायम थोडा जास्त वेग दाखवत असेल तर आधी टायर बघा: झिजलेला किंवा लहान मापाचा टायर जास्त फेरे घेतो. स्टेपनी लावून महिनाभर फिरणाऱ्यांनी हे खास बघावं.

इथून पुढे स्कॅनर थांबतो आणि ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम सुरू होतं. आपल्याकडची काळी जमीन भिजली की फुगते, हबभोवती लपेटते आणि वाळली की दगड होते. तो गोळा सेन्सरच्या वायरला धरून बसतो, आणि स्टिअरिंग वळलं, सस्पेन्शन खाली-वर झालं की वायर ताणली जाते. वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. असली वायर डोळ्याला सापडत नाही. मल्टिमीटर लावून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, बोटांनी वायर वाकवत गेलं की एका जागी आकडा उडतो. तिथे सोलून बघितलं तर तांबं हिरवं पडलेलं असतं. मागच्या एक्सलवरची वायर बाभळीच्या फांदीत अडकते, आणि शेतातल्या शेडमध्ये गाडी लावत असाल तर उंदीर आहेतच.

इलेक्ट्रिशियन चांगला की नुसताच हुशार, हे एका प्रश्नात कळतं: "सेन्सर ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह?" जुन्या पद्धतीच्या पॅसिव्ह सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते. ती मल्टिमीटरवर साधारण एक-दोन हजार ओहम दाखवते आणि चाक हाताने फिरवलं की थोडा एसी व्होल्टेज देते. अलीकडच्या गाड्यांत बहुतेक ॲक्टिव्ह असतो. दोन्हीला वायरी दोनच, त्यामुळे फसगत होते. ॲक्टिव्हचा ओहम मोजून काही कळत नाही. त्याचं कपलर काढून, की ऑन केल्याबरोबर गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज येतो का ते बघायचं. लगेच बघायचं, कारण काही गाड्यांत सेन्सर दिसला नाही की कॉम्प्युटर सप्लाय बंद करतो. जो टेस्ट लॅम्प किंवा बॅटरीची थेट वायर सेन्सरला लावायला निघतो, त्याला तिथेच थांबवा. चांगला सेन्सरही जळेल.

शोरूमकडे कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, आणि बिघाड एबीएसच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यातच असेल तर बहुतेक वेळा दुसरा इलाज नाही. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच मिटला: बाहेर कुणाला वायर कापू देऊ नका, थेट तिकडेच न्या. पण कधी लागणारा, कधी जाणारा दिवा शोरूममध्ये सापडणं अवघड. किनवट किंवा पाटोद्याहून गाडी जिल्ह्याला जाते, तिथे आधी वॉशिंगला लागते, चिखलासोबत पुरावाही वाहून जातो, आणि संध्याकाळी "काही प्रॉब्लेम नाही" असा कागद हातात. त्यामुळे धुण्याआधी स्कॅन करा असं जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि साठलेले कोड पुसण्याआधी त्यांची प्रिंट मागा.

माझा कौल असा: वॉरंटी संपलेली, चिखलात जाणारी गाडी असेल तर आधी स्कॅनरने बिघडलेलं चाक आणि त्याच्या आकड्याची चाल ओळखा, मग इलेक्ट्रिशियनकडे जा. शोरूम शेवटी. दिवा लागण्याच्या थोडं आधी बेअरिंगचं काम झालं असेल, तर मात्र इलेक्ट्रिशियनकडेही नको, ज्याने बेअरिंग बसवलं त्याच्याकडे परत जा. अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते. तोंड उलटं बसलं की सेन्सरला काही दिसतच नाही. बसवण्याआधी टाचणी जवळ नेऊन बघायचं, जी बाजू ओढते ती सेन्सरकडे.

सेन्सर बदलायचाच ठरला तर जुन्यावरचा पार्ट नंबर उतरवून घ्या. स्वस्तातला बाजारातला सेन्सर कधी चालतो, कधी हळू वेगात आंधळा होतो, आणि लांबी कमी असेल तर वायर पुन्हा ताणून तुटते. मी तरी कंपनीचाच घेईन. जुना गंजून अडकला असेल तर हातोडी मारू देऊ नका. गंज सुटायचं ऑइल मारून, हलके फिरवत काढायचा, आणि बसायची जागा पॉलिश पेपरने साफ करायची. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवा सेन्सरही रिंगपासून लांबच बसतो आणि दिवा परत लागतो.