हबलची फाइल आधी उघडावी की वेबची?

अवकाश दुर्बिणीच्या मूळ डेटातून स्वतः चित्र तयार करायचंय, पण सुरुवात कुठून करावी हे ठरत नाही? पैशांचा प्रश्न नाही. हबल आणि जेम्स वेब, दोन्हींच्या फाइल्स ‘मास्ट’ या एकाच संग्रहात फुकट मिळतात. ताजी निरीक्षणं ज्या शास्त्रज्ञांसाठी घेतली त्यांच्यापुरती काही काळ राखीव असू शकतात, एवढंच.

बहुतेक जण आरशाकडे बघून ठरवतात. हबलचा २.४ मीटर, वेबचा ६.५ मीटर, म्हणजे वेबचं चित्र कितीतरी रेखीव असणार. इथेच गफलत होते. किती बारीक दिसणार हे आरशाइतकंच तरंगलांबीवरही ठरतं. वेब मुख्यतः अवरक्तात बघते. दोन मायक्रॉन (मीटरच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) तरंगलांबीला ती जेवढं बारीक दाखवते, साधारण तेवढंच हबल साध्या दृश्य प्रकाशात दाखवते. मोठ्या आरशाचा खरा फायदा होतो तो मंद, फार दूरच्या दीर्घिकांसाठी. त्यांचा प्रकाश ताणला जाऊन अवरक्तात सरकलेला असतो. तिथे हबल थकते.

फरक बघायचा तर गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध स्तंभ घ्या. हबलने १९९५ मध्ये टिपले, २०१४ मध्ये पुन्हा. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे तीन फिल्टर, त्यांना लाल, हिरवा, निळा रंग. स्तंभ भरीव दिसतात, कडांवरून वायू वाफेसारखा सुटताना दिसतो. वेबने २०२२ मध्ये जवळच्या अवरक्तात तीच जागा टिपली आणि स्तंभ अर्धपारदर्शक झाले. मागचे-आतले हजारो तारे उघडे पडले, टोकांशी नुकत्याच जन्मणाऱ्या ताऱ्यांचे लालभडक फवारे. तिच्याच मिरी या मध्यम अवरक्तात बघणाऱ्या उपकरणातून पाहिलं तर उलट बहुतेक तारे गायब आणि नुसती धूळ उरते! म्हणून ‘वेबचं चित्र’ असं एक काही नसतंच. कुठलं उपकरण, कुठला फिल्टर, हे आधी विचारायचं.

कामाच्या दृष्टीने हबल नवख्याला सोपी. तीन फिल्टर, तीन रंग, सिरिलसारखं मोफत सॉफ्टवेअर, झालं. वैश्विक किरणांचे ओरखडे आणि दोन चिप्समधली रिकामी पट्टी मात्र त्रास देतात. वेबमध्ये रंग सर्वस्वी आपण ठरवायचे (लांब तरंगलांबी लाल, आखूड निळी हा रिवाज), शिवाय ठळक ताऱ्यांच्या मधोमध काळी भोकं पडलेली असतात. डिटेक्टर तिथे संपृक्त, म्हणजे प्रकाशाने काठोकाठ भरलेला असतो. ती हाताने भरावी लागतात, आणि त्यात संध्याकाळ जाते.

माझं मत: तेजोमेघापासून सुरुवात असेल तर हबल, डोळे झाकून. धुळीत दडलेले तारे किंवा अतिदूरच्या दीर्घिका हव्या असतील तर वेब. एम ५१ सारखी सर्पिल दीर्घिका दोन्हींनी टिपली आहे. हबलच्या २००५ च्या मोज़ेकवर (अनेक फ्रेम्स जोडून केलेल्या मोठ्या चित्रावर) हात बसवा, मग वेबकडे वळा.

अतिनीलात आकाशाचा विस्तीर्ण पट्टा हवा असेल तर आपली भारतीय अवकाश वेधशाळा ॲस्ट्रोसॅट विसरू नका. तिच्या अतिनील दुर्बिणीच्या एका फ्रेममध्ये जवळपास पूर्ण चंद्राएवढं आकाश मावतं. हबलच्या कॅमेऱ्यात त्याचा जेमतेम शंभरावा भाग. तपशील भरड, पण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२० मध्ये ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे अतिनील किरण याच डेटात शोधले.