लाच घेणारा, न घेणारा, देणारा : तीनपैकी कोणतं रशियन नाटक बसवायचं?

सरकारी लाचखोरीवरचं जुनं रशियन नाटक करू या असं ठरलं, की हौशी नाट्यसंस्थेच्या बैठकीत पहिलं नाव निघतं गोगोलच्या 'रेविझोर'चं, म्हणजे तपासनीस, आणि चर्चा तिथंच आटोपते. ती इतक्यात आटोपू नये. त्याच शतकात त्याच विषयावर रशियात आणखी दोन तोलामोलाची नाटकं लिहिली गेली. एक अलेक्सांद्र ऑस्त्रोव्हस्कीचं 'दोखोदनोये मेस्तो', आपल्या बोलीत मलईची जागा. दुसरं अलेक्सांद्र सुखोवो-कोबिलिनचं 'देलो', म्हणजे प्रकरण, खटला. 'रेविझोर' १८३६चं, 'दोखोदनोये मेस्तो' १८५६चं आणि 'देलो' १८६१चं. पंचवीस वर्षांच्या आत तीन लेखकांनी रंगमंचाच्या मधोमध तीन वेगळी माणसं आणून उभी केली. गोगोलनं लाच घेणारा, ऑस्त्रोव्हस्कीनं न घेणारा आणि सुखोवो-कोबिलिननं देणारा. यातल्या कुणाची गोष्ट आपल्याला सांगायची आहे, ते आधी ठरवा. नेपथ्य, पात्रसंख्या, स्पर्धेतली वेळ यांचा हिशेब त्यानंतर.

'रेविझोर'चं कथानक बहुतेकांना ठाऊक असतं. आडबाजूच्या एका गावातल्या नगरप्रमुखाला कुणकुण लागते, की पीटर्सबर्गहून तपासनीस ओळख लपवून येतोय. तेवढ्यात गावातल्या खानावळीत एक फुटकळ कारकून सापडतो, ख्लेस्ताकोव्ह. पत्त्यांत पैसे उडवून बसलेला, उधारीवर जेवणारा. गाव त्यालाच साहेब समजतं. पण नाटक बसवणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट हमखास निसटते: हा मुलगा कुणाला फसवायला आलेलाच नाही. पहिल्या भेटीत तो आणि नगरप्रमुख दोघंही एकमेकांना टरकलेले असतात. बिल थकलंय म्हणून आता तुरुंगात टाकतात की काय, ही याची भीती. आपल्या चोऱ्या उघड्या पडणार, ही त्याची. ख्लेस्ताकोव्ह दोनशे रुबल उसने मागतो, नगरप्रमुख गुपचूप चारशे सरकवतो आणि मग त्याचा जीव भांड्यात पडतो. पैसे घेतले ना, मग हा आपल्यातलाच!

नाटकाची खरी कसोटी चौथ्या अंकात लागते. अधिकारी एकेक करून 'साहेबां'च्या भेटीला आत येतात. न्यायाधीश, पोस्टमास्तर आणि शाळांचा अधिकारी यांच्याकडून तीनशे-तीनशे. धर्मादाय दवाखाना सांभाळणारा झेम्ल्यानिका चारशे देतो आणि वर सगळ्या सहकाऱ्यांच्या चहाड्या फुकटात सांगतो. शेवटी बोबचिन्स्की-दोबचिन्स्की या जोडगोळीकडे एकदम हजार मागितले जातात, आणि दोघांचे खिसे झाडून निघतात पासष्ट. हाच न्यायाधीश पहिल्या अंकात सांगून चुकलेला असतो, की मी लाच घेतो ती शिकारी कुत्र्यांच्या पिल्लांच्या रूपात, ती काय लाच झाली? नटांना टायमिंगची जाण असेल तर या प्रवेशाला विनोद वाढवून घ्यावाच लागत नाही. वाढवलात तर तो कोसळतो.

गोगोलचं स्वतःचं दुःख हेच होतं. १९ एप्रिल १८३६ रोजी (तेव्हाच्या रशियन पंचांगानुसार) पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. खुद्द झार निकोलाय पहिला हजर होता आणि त्याला नाटक आवडलंही. लेखक मात्र नाराज. ड्यूर नावाच्या नटानं ख्लेस्ताकोव्हचा सराईत थापाड्या करून टाकला होता, हलक्याफुलक्या संगीत प्रहसनांत असतो तसला. गोगोलला हवा होता रिकाम्या डोक्याचा पोरगा, जो बोलता बोलता स्वतःच्याच थापांवर विश्वास ठेवतो. सातशे रुबलचं कलिंगड, पॅरिसहून बोटीनं थेट पातेल्यातून आलेलं सूप, त्याला बोलवायला धावलेले पस्तीस हजार निरोपे, हे सगळं त्याला त्या क्षणी खरंच वाटत असतं. लेखकानं त्याचं वय तेवीसच्या आसपास दिलंय. तुमच्या संस्थेतला हुकमी नट चाळिशीचा आणि चलाख चेहऱ्याचा असेल, तर त्याला नगरप्रमुख द्या. तीच भूमिका मोठी आहे. मॉस्कोत ती श्चेपकिननं केली होती, आणि तो रशियन रंगभूमीचा त्या काळातला थोर नट होता.

शेवटचा मूक प्रवेश हा 'रेविझोर'चा दुसरा सापळा. खरा तपासनीस आल्याची वर्दी मिळते आणि सगळं गाव जागच्या जागी थिजतं. गोगोलच्या सूचनेप्रमाणे जवळजवळ दीड मिनिट. आपला प्रेक्षक तिसऱ्या सेकंदाला टाळ्या वाजवून उठायला लागतो, त्यामुळे दिव्यांची आणि पडद्याची आखणी आधीच पक्की हवी. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डनं १९२६च्या आपल्या गाजलेल्या प्रयोगात या ठिकाणी नटांऐवजी चक्क पुतळे उभे केले होते. हौशी संस्थेनं त्या वाटेला न गेलेलं बरं. पुतळ्यांच्या खर्चात दोन प्रयोग होतात.

'रेविझोर'च्या बाबतीत मराठी माणसापुढे आणखी एक फाटा असतो. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं 'अंमलदार' हे रूपांतर केलेलं आहे. आपल्या मातीतली नावं आणि आपली बोली हवी असेल तर सरळ तेच घ्या, रीतसर परवानगी काढा आणि प्रयोग करा. उगाच आपलं तिसरंच अर्धवट रूपांतर शिजवू नका. मूळ रशियन गावच उभं करायचं असेल, तर मात्र अनुवाद पूर्ण रशियन ठेवा: नावं, हुद्दे, रुबल, सगळं. गोगोल, ऑस्त्रोव्हस्की, सुखोवो-कोबिलिन या तिघांच्याही मूळ संहिता कधीच स्वामित्वहक्कातून मोकळ्या झाल्या आहेत. अनुवादकाचा हक्क तेवढा पाहावा लागतो.

'रेविझोर'मध्ये एकही सज्जन पात्र नाही. पुढे गोगोलनंच लिहिलं, की या नाटकातलं एकमेव प्रामाणिक पात्र म्हणजे हसू. ऑस्त्रोव्हस्कीनं नेमका तो सज्जन आणला आणि त्याचे हाल दाखवले. त्याचा नायक झादोव्ह विद्यापीठातून शिकून आलेला, तत्त्वाचा, काका बड्या हुद्द्यावर. पोलिनाशी लग्न करतो आणि निव्वळ पगारात संसार मांडतो. पोलिनाची बहीण युलिंका दिली जाते बेलोगुबोव्हला. तो अडाणी आहे, पण वरिष्ठांपुढे लवणारा, आणि वरकमाईत तरबेज. दोघी बहिणींच्या कपड्यांतला आणि टोप्यांतला फरक दर भेटीत वाढत जातो, आणि त्यांची आई कुकुश्किना पोलिनाला नवऱ्याकडून पैसे कसे काढायचे याचे धडे देत राहते. शेवटी झादोव्ह मोडतो आणि काकाकडे मलईची जागा मागायला जातो. नेमका तेव्हाच काका स्वतः खटल्यात सापडून कोसळलेला असतो.

इथं एक गोम आहे. झादोव्ह वाचतो तो अंगच्या बळावर की योगायोगानं? मला हा शेवट थोडा सोयीचा वाटतो. शिवाय झादोव्ह भाषणं फार करतो. कात्री लावायची तर तिथंच लावा. युसोव्ह या म्हाताऱ्या हेडक्लार्कला मात्र हात लावू नका. खानावळीत हाताखालच्यांच्या आग्रहाखातर तो नाचतो आणि वर सांगतो, की मला नाचायला हरकत नाही, माणसानं करायचं ते सगळं मी केलंय, माझं मन शांत आहे. आयुष्यभर खाल्लेल्या माणसाची ही शांतता ख्लेस्ताकोव्हच्या सगळ्या थापांपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

स्त्रीभूमिका हव्या असतील तर वादच नाही, हेच नाटक घ्या. कुकुश्किना, तिच्या दोन मुली आणि काकाची बायको आन्ना पाव्हलोव्हना, या चौघींनाही भरपूर काम आहे. 'रेविझोर'मध्ये नगरप्रमुखाची बायको आणि मुलगी सोडल्या तर बाकीच्या बायकांच्या वाट्याला चार वाक्यं येतात. पात्रं कमी, जागा घरगुती, त्यामुळे खर्चही आटोक्यात. आणि 'दिसायला निरुपद्रवी' म्हणून त्याला कमी लेखू नका. १८५७ साली पहिल्या प्रयोगाच्या तोंडावर त्यावर बंदी आली आणि ते रंगमंचावर यायला १८६३ उजाडलं. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६७ मध्ये, दिग्दर्शक मार्क झाखारोव्हनं आंद्रेई मिरोनोव्ह या नटाला झादोव्ह करून ते मॉस्कोत बसवलं, तेव्हा सोव्हिएत अधिकाऱ्यांनीही ते बंद पाडलं.

आता 'देलो'. हे नाटक ज्या माणसानं लिहिलं, त्यानं लाच देण्याचा अनुभव घेतलेला होता. १८५० साली सुखोवो-कोबिलिनची फ्रेंच प्रेयसी लुईझ सिमोन-दिमांश मॉस्कोजवळ खून झालेल्या अवस्थेत सापडली आणि संशय त्याच्यावर आला. प्रकरण सात वर्षं चाललं, दोनदा अटक झाली. तुरुंगातल्या दिवसांत त्यानं 'क्रेचिन्स्कीचं लग्न' या आधीच्या नाटकावर काम केलं. 'देलो' हे त्याचंच पुढचं नाटक. बाहेर पडल्यावर त्यानं जे लिहिलं त्यात गोगोलची मिश्कीली औषधालाही नाही. पात्रपरिचयच वाचा: सुरुवातीला 'वरिष्ठ', मग 'शक्ती', मग 'हाताखालचे', त्यानंतर 'क्षुद्र जीव अर्थात खाजगी व्यक्ती', आणि सगळ्यात शेवटी नोकर तिश्का, त्याच्यापुढं लिहिलंय: 'व्यक्ती नव्हे'. एवढ्या यादीत अख्खी नोकरशाही आली.

म्हातारा जमीनदार मुरोम्स्की, त्याची मुलगी लिदोच्का. मुलीवर एका फसवणुकीत साथ दिल्याचा आळ आहे आणि ती फाइल वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. पहिल्याच अंकात एका पत्रातून लाचेचे तीन प्रकार समजतात. एक खेडवळ, गोपाळांची म्हणावी अशी, धान्य-कोंबड्यांच्या रूपात घेतात ती. दुसरी धंद्यातली: कमावलंस ना, मग वाटून घे. तिसरी फौजदारी, सापळ्याची, माणूस नागवा होईपर्यंत घेतात ती. पुढचं नाटक म्हणजे ही तिसरी. वाराव्हिन हा मोठा अधिकारी मुरोम्स्कीकडून पाकीट घेतो, त्यातली मोठी रक्कम काढून ठेवतो आणि उरलेलं पाकीट सर्वांसमोर परत फेकतो, वर आरोप करतो की हा मला लाच देतोय. म्हातारा त्या धक्क्यानंच संपतो.

मला तिघांत हेच सर्वांत धारदार वाटतं, आणि तरीही ते सरसकट सुचवायला मी कचरतो. आधीच्या नाटकाचा संदर्भ प्रेक्षकाला द्यावा लागतो, नाहीतर मुलीवरचा आळ कळतच नाही. हसू कमी आहे, आणि आहे ते कडवट. छापायला ते लाइपझिगला न्यावं लागलं, तेही मोजक्या प्रतींत, आणि रशियन रंगमंचावर काटछाट होऊन, नाव बदलून आलं ते १८८२ मध्ये. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांत हसू हवं असतं. ते 'देलो' देणार नाही.

तेव्हा सरळ सांगतो. पंधरा-वीस नट, त्यातले पाचसहा नवखे, आणि मोठा प्रेक्षक मिळवायचा असेल तर 'रेविझोर', दोन अंकांत आवळून. पण चौथ्या अंकातली रांग आणि मूक प्रवेश अख्खे ठेवून. आठदहा जण, त्यात चांगल्या अभिनेत्री, आणि घराघरातला पैशाचा ताण दाखवायचा असेल तर ऑस्त्रोव्हस्की. आधी दोनतीन विनोदी नाटकं करून झालेली, छोटं प्रेक्षागृह हाताशी असलेली संस्था असेल तर 'देलो', आणि तेही आधी अभिवाचनानं सुरू करा. एका सभेत सगळ्यांना पात्रपरिचय आणि पत्राचा प्रवेश वाचून दाखवा. लोक थांबले, कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, तर तालमी लावा. 'देलो'साठी मात्र वाराव्हिनचा नट आधी पक्का करा. आवाज एकदाही न चढवता माणसाला घाम फोडणारा नट संस्थेत नसेल, तर लगेच 'रेविझोर'ची संहिता काढा आणि वाचनाची तारीख ठरवा.